व्याह्यांच्या गाडीवर मुगवड्या

नागपूर, मे १९७६, शुक्रवार

कौसल्याबाईले थोरल्या बहिणीकडून पोटभर आशीर्वाद, अन् तुझ्या मालकाले, रामाजीले, रामराम. तुझे गुडघे कसे हायेत ते कळवजो, पण दोन ओळींत. मागच्या पत्रात गुडघ्यांनी तीन पानं खाल्ली अन् संत्र्याच्या बागेचं काही समजलंच नाई. माझी तब्येत चांगली हाय. चांगली म्हणजे, चार दिवसांपासून मी मोटार घासून राहिली, अन् एवढा हुरूप तं मले माझ्या लग्नातही नव्हता.

मोटार आपली नाई. आपली पुष्पलता कन्हानले दिली ना, तिचे सासरे महादेवराव, त्यांची. काळीभोर. सात वरसं नंबर लावून मिळाली. ते साऱ्या घराले घेऊन काशीले गेले, अन् कन्हानले कोळशाची धूळ उडते म्हणून गाडी खोळ घालून आमच्या अंगणात ठेवली. जाताना मले सांगून गेले की ऊन लागू देऊ नका. (मले सांगतात. जशी मी ऊन खिशात घेऊन फिरते.) पण तूच सांग वं, वैशाखाचं ऊन, अन् अंगणात एवढा मोठा काळा तवा नुसता पांघरूण घेऊन झोपला हाय. इकडे मुगवड्यांची डाळ वाटून तयार, अन् गच्चीवर वांदरं. मी खोळ काढली, बोनेटवर तेलाचा हात फिरवला अन् दोन शेर डाळीच्या वड्या घातल्या. संध्याकाळपर्यंत खडखडीत. असं वाळवण मी साठ वरसांत पाहिलं नाई.

निघत नव्हत्या, एवढंच. मंग मी सराटा घेतला. (धिरडं उलटायचा, लोखंडाचा.) वड्या निघाल्या, अन् खाली पाहते तं ओरखडे, वावरात वखर फिरवावा तसे. सूनबाई इंदूने डोक्याले हात लावला. मले माझं काही नाई. महादेवराव दोन बोलतील तं मी चार बोलीन. पण पुष्पलतेले तिथं राहायचं हाय. वाटीले पोचा आला तरी तो माणूस तिले तिच्या मायची आठवण करून देते. गाडीवरचा ओरखडा तं तिले म्हातारी होईपर्यंत पुरला असता.

आधी राख अन् चिंच लावली, पितळेले लावतो तशी. बोनेटवर परातीएवढी जागा शाळेच्या पाटीसारखी झाली. म्हटलं समोरच्या दिव्याच्या काचेवर लावून पाहू, तं दिव्याले मोतीबिंदू. इंदू रडायले लागली. मी म्हटलं, रडणं मंग, आधी जुनं धोतर आण. अन् तिथंच जमलं, कौसल्ये. घरातलं पांढरं दंतमंजन पाण्यात कालवलं, धोतराच्या मऊ चिंधीवर घेतलं, अन् जोर न लावता नुसतं गोल गोल फिरवलं, लेकराच्या टाळूवर तेल जिरवतो तसं. तासाभरात काच अशी उघडली की तीत मले माझ्या हनुवटीवरचा केस दिसला. मंग मी काही थांबली नाई. मंजनात थेंबभर खोबरेल टाकून बोनेट घेतलं. बारीक रेघा गेल्या, चमक परत आली. (मंजनाचे तीन डबे संपले. घरचे सारे आता कडुनिंबाच्या काडीवर हायेत अन् माझ्याशी तोंड वाकडं करून बोलतात.) खोल रेघा राहिल्या, त्यात मी घरचं काजळ भरलं अन् वरून मेणबत्ती घासली. लकडगंजचा रंगारी भैयाजी आमच्या फाटकाशी येऊन पाहून गेला. म्हणे आजी, माझ्या दुकानात या. मी नाई म्हटलं; त्याचे ब्रश पाहिले हायेत मी.

उद्या महादेवराव येतात. येऊ दे. भिंग घेऊन येऊ दे.

तुझी रंभा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, बरंच झालं. आज भर दुपारी सारे आले. महादेवरावांनी खोळ काढून गाडी आमच्यापुढे दोन घंटे मिरवली. दिवे पाहून खूश. तेवढ्यात बोनेट रडायले लागलं. मेण वितळलं, काजळाच्या धारा लागल्या. त्यांनी हात लावून पाहिला, अन् तोच हात घामेजल्या कपाळावरून फिरवला. मी म्हटलं, नवी गाडी, दृष्ट लागू नये म्हणून लावलं. ते पटलं. पण खालचे ओरखडे उघडे पडले, त्याचं काय सांगू? पुष्पलतेचं तोंड पांढरं झालेलं पाहिलं अन् मी सांगून टाकलं की नरखेडहून कौसल्या आली होती, तिची शेळी चढली. पुष्पलतेने माझ्याकडे पाहिलं, बोनेटच्या फटीतून वडीचा तुकडा काढून तोंडात टाकला, अन् म्हणाली, "मावशीची शेळी ना, मामंजी? ती माझ्या लग्नाआधीपासून तशीच हाय." (पोरगी माझीच हाय.)

आणखी एक. पुढच्या रविवारी महादेवराव ती शेळी पाहायले नरखेडले येऊन राहिले. तुमच्याकडे शेळी नाई, हे मले माहीत हाय. कोणाची तरी मागून ठेवजो. शिंगं टोकदार पाहिजेत. अन् जनावर जरा शिस्तीचं दिसलं पाहिजे, कारण रेघा साऱ्या सरळ हायेत, एकीच्या बाजूले एक, अठ्ठावीस.