तेवढं काढून टाक गो

१२ जाने., सोमवार

नवं गाव मिळालं. पावस गावाच्या पुढे, वर कातळाच्या सड्यावर. जिकडे बघावं तिकडे हापूसची कलमं. यादीतली बहुतेक घरं नेहमीचीच: नवरा मुंबईला, बायको घरी, उत्तरं सासू देणार. सरकारी पाहणी आहे, कोण काय काम करतं, कुठून आलं, कामावर काय त्रास होतो एवढंच विचारायचं. लोकांना वाटतं रेशनकार्ड बंद करायला आलेय. आज एका बाईने विचारलं, पैसे कधी जमा होणार. म्हटलं, काही जमा होणार नाही. "मग उन्हातून कशाला आलीस?" बरोबर आहे तिचं.

यादीत एक खोपटी पण आहे, बागेतली. नेपाळी कुटुंब. साहेब म्हणाले, ते सोडू नकोस, बाहेरून आलेले मजूर आपल्याला कमी मिळालेत.

स्कूटरचा ब्रेक लागत नाही. उद्या दाखवायचा. (असं मी गेल्या सोमवारी पण लिहिलंय.)

१३ जाने., मंगळवार

अप्पाकाकांची (अ.का.) बाग, खोपटीवाली. दगडी गडग्यापाशीच उभे होते. "कुणाची गो तू?" सांगितलं. "म्हणजे मास्तरांची! तुझ्या बाबांनी मला इंग्रजी शिकवलं. मला आलं नाही ती गोष्ट वेगळी." स्वतः खोपटीपर्यंत घेऊन आले आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. नियम असा की मालक समोर नको. आता बाबांच्या विद्यार्थ्याला ऊठ कसं म्हणायचं? म्हटलं, काका, चहा चालेल मला, गवती चहा घालून. लगेच उठले. जमलं.

लोकेंद्र, बायको तारा, मुलगी सुनू. दिवाळीच्या सुमारास येतात, पावसाआधी गावी जातात, वर्षानुवर्षं याच बागेत. अ.का. त्याला बहादूरच म्हणतात. सुनूला शाळेसाठी पावसाळ्यात इथे ठेवायची व्यवस्था पण त्यांनीच केली, स्वतःच्या घरात. तिसरीत आहे.

लोकेंद्र काही बोलेना, फवारणीचा पंप धुवायचाय म्हणून सटकला. उत्तरं ताराने दिली, हिंदीत. अडलं की सुनू मराठीत सांगायची, अगदी आपल्याकडच्या पोरीसारखी, "नाय ओ मॅडम".

कामामुळे तब्येतीला त्रास होतो का? सुनूने सांगून टाकलं: "फवारणी केली की बाबा ओकतात. डोळे लाल होतात. जेवत पण नायत." ताराने तिला दटावलं नाही. तोंडाला काय बांधतो? टॉवेल. हातमोजे? नाही. मग चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "लिखो. नाम मत लिखना." म्हटलं, ताराबाई, नाव कुठे जात नाही, कुणालाही कळत नाही. शब्द दिला मी.

निघताना पडवीत चहा. छान होता. आणि मग माझी ही जीभ. "काका, फवारणीला मास्क, हातमोजे देत जा हो. माणसाला उलट्या होतात, बरं नाही ते." हसले. "देऊ हो, देऊ." घरी येईपर्यंत मी आपल्यावरच खूश.

१४ जाने., संक्रांत

आई गुळाच्या पोळ्या करत होती. मी जवळ बसून कालचं सांगितलं, नावं न घेता. मास्कचंही सांगितलं, जरा ऐटीतच. आईने लाटणं थांबवलं. "अगो, पण उलट्यांचं तुला कुणी सांगितलं, ते त्यांना कळलंच असेल की."

बागेत एकच खोपटी आहे.

गाढव आहे मी. प्रशिक्षणात हेच घोकून घेतलं होतं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. मी कुठे सांगितलं, मी तर सल्ला दिला, असं दिवसभर स्वतःला समजावतेय. पटत नाही.

कदाचित त्यांच्या लक्षातही आलं नसेल. कदाचित.

१६ जाने., शुक्रवार

आलंय लक्षात. अ.का.चा फोन. आवाज गोड.

"बहादूरला विचारलं मी, मॅडमना काय सांगितलंस रे? तो म्हणतो, मैंने कुछ नहीं बोला. म्हणजे बायकोचं काम." पुढे सुरूच. "पोरीला दप्तर मी घेऊन दिलं. ताप आला की गाडीत घालून डॉक्टरकडे मी नेतो. घरचं माणूस समजतो गो आम्ही. त्रास होता तर मला सांगायचा, सरकारला कशाला?"

दप्तर खरंच घेऊन दिलंय. सुनूने दाखवलं होतं मला, आतल्या खणासकट. त्यामुळे राग धड कुणावर काढता येत नाही.

मग मुद्द्यावर आले. आपला माल परदेशी जातो, बाग तपासायला माणसं येतात, असलं काही सरकारात लिहिलेलं निघालं तर आंबा घेणार कोण? "तेवढं काढून टाक गो. मग मीही विसरलो."

म्हटलं, काका, नाव जातच नाही कुठे. "तू पोर आहेस. सगळं जातं." नाही काढलं तर? (कसं विचारलं देव जाणे.) "तर मला दुसरा गुरखा बघायला लागेल. आणि बागवाले एकमेकांना विचारतात, आधीचा का सोडला म्हणून."

धमकी म्हणावी असा आवाज नव्हता. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. भर मोहोरात त्यांना काढलं तर या किनाऱ्यावर दुसरी बाग मिळायची नाही. आणि कुणामुळे? माझ्यामुळे.

१७ जाने., शनिवार

ऑफिस. सावंतसाहेबांना सगळं सांगितलं. निवृत्तीला आलेला माणूस, कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "मनीषा, आपण विचारायचं, लिहायचं, उठायचं. शहाणपण वाटायला नेमलंय का तुला?" नाही सर. "पुन्हा त्या बागेत पाऊल टाकायचं नाही. जितकी जाशील तितकं त्यांना जड जाईल."

विचारलं, मग ते उत्तर? "खोटं आहे का?" नाही. "मग मला काय विचारतेस?"

चहा आल्यावर कपात बघत म्हणाले, "पुढच्या शनिवारी संध्याकाळी ते गाव बंद करतो, मग उत्तरं बदलता येत नाहीत. तोपर्यंत टॅब तुझ्याकडे आहे. मी काही आत डोकावून बघत नाही."

म्हणजे काय? काढ म्हणाले की काढू नको म्हणाले? सरळ बोलायला काय जातं या लोकांचं.

२० जाने., मंगळवार

लोकेंद्रचा फोन. पहिल्यांदाच इतका बोलला. "मॅडम, वो काट दो. सेठ अच्छा आदमी है. इस साल निकाल दिया तो गाँव जाके क्या बोलूँगा?" मागे पंपाची घरघर. विचारलं, आज फवारणी आहे? "हाँ, तुडतुडा आया है." आवाज घोगरा होता.

म्हटलं, काढते. लगेच काढते.

जेवणं झाल्यावर टॅब उघडला. शिंचा दोनदा बंद पडला. मग तो प्रश्न आला, खाली मी लिहिलेलं उत्तर. बोट ठेवलं सुद्धा. पण हे लिहायला सांगितलं ताराने. लोकेंद्र तर तिथे नव्हताच. तिला न विचारता...

बंद करून ठेवला.

आई म्हणते, काढ आणि मोकळी हो, गरिबाच्या पोटावर पाय नको. तीच आई परवा म्हणत होती, विष फवारतो बिचारा. मी उगाच खेकसले तिच्यावर.

२२ जाने., गुरुवार

बागेत नको म्हणालेत, शाळेत जायला बंदी नाही. तारा सुनूला न्यायला येते तेव्हा फाटकाशी थांबले.

म्हटलं, ताराबाई, माझी चूक झाली. तिने "कोई बात नहीं" वगैरे काही म्हटलं नाही. "हाँ. आपकी गलती है." तेवढंच. मला उलट हलकं वाटलं.

सांगितलं, लोकेंद्र म्हणतो काढा, सेठही म्हणतात काढा, शनिवारपर्यंत वेळ आहे. ती म्हणाली, "वो तो बोलेगा. उल्टी करता है तो पकड़ती मैं हूँ." सेठने हाकललं तर? पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. घाबरलेली होती, दिसत होतं. मग म्हणाली, "मत काटना. इतने साल में पहली बार किसी ने पूछा. मैंने झूठ नहीं बोला."

सुनू मध्येच, "आमी जाणार काय ओ मॅडम? माजी परीक्षा हाय." ताराने तिला हाताला धरून नेलं.

मी जाऊन काकांना तोंडावर सांगणार आहे. सांगणार की, उत्तर राहील, नाव नाही, तुम्ही माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. बाबांचे विद्यार्थी आहेत, ऐकतील. साहेब गेले उडत.

२४ जाने., शनिवार

गेले. स्कूटरवर वाटभर काय बोलायचं ते पाठ करत गेले.

अ.का. पडवीत. "ये गो, बस." मग हात धरून खोपटीकडे घेऊन गेले. भिंतीला खिळ्यावर नवा कोरा मास्क, प्लास्टिकच्या पिशवीत. "आणला बघ, तुझ्या शब्दाखातर." खाली कलमात लोकेंद्र फवारत होता, तोंडाला टॉवेल. "तो घालत नाही. श्वास कोंडतो म्हणतो." खरं असेल. खोटं असेल. लोकेंद्रने वर बघितलं नाही.

तारा पाण्याचा तांब्या घेऊन आली, मागे सुनू, दप्तर पाठीवर. आणि नेमकं तेव्हाच अ.का.नी विचारलं, "काढलंस ना गो ते?"

पाठ केलेलं सगळं पळालं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते दप्तर. नाही म्हटलं तर ही तिघं आज संध्याकाळच्या गाडीत बसणार, एवढंच दिसलं.

"हो काका," म्हटलं. "काढलं."

"शाब्बास. मास्तरांची शोभतेस." खूश झाले. बाबांचं नाव आलं तशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा असते तर मला घरात घेतलं नसतं.

ताराला एवढं मराठी कळतं. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला, सुनूला घेतलं आणि आत गेली. एकदासुद्धा वळून बघितलं नाही. पाणी न पिता निघाले.

नाही काढलंय. उत्तर टॅबमध्ये जसंच्या तसं आहे. तिला कसं सांगू? फोन लोकेंद्रकडे असतो, त्याला सांगितलं तर तो घाबरून सेठच्या पायाशी जाऊन बसेल. सुनूला सांगावं तर ती आजोबा आजोबा करत त्यांच्याच मांडीवर असते. शाळेशी पुन्हा उभी राहिले तर गावभर होईल.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "काही बदल?" नाही सर. "बरं." गाव बंद केलं.

आई दोनदा विचारून गेली, काय केलंस. सांगितलं नाही. आता जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं.

दुसरी फेरी एप्रिलमध्ये, याच घरांची. तेव्हा आंबा उतरत असेल. अ.का.ना तोवर कुठून काही कळलं नाही तर खोपटीत हीच माणसं असतील. मला पुन्हा तारासमोर बसून तोच प्रश्न विचारायचाय. आणि तिने मला का सांगावं?