आईच्या वाजंत्रीचा प्रश्न

प्रिय दामेरियाताईस,

धाकट्या भावाचा, मानाओरचा, होरास आणि नमस्कार. तिकडे मेदान शहरात तुम्ही दोघं खुशाल असाल आणि भाऊजींचा गुडघा निदान प्रार्थनेपुरता तरी वाकत असेल, अशी आशा आहे. इकडे तळं भरलेलं, कॉफी पिकलेली आणि आई एकोणनव्वदाव्या वर्षीही ठणठणीत. सगळा घोळ तिच्या या ठणठणीतपणातूनच उभा राहिला.

झालं असं, की गेल्या रविवारी चर्चमधून जाबुंगा तीन मोठ्या मंडळींना घेऊन आपल्या घरी आला. (चौघेही साठीच्या पुढचे, चौघेही आईचे विद्यार्थी, आणि चौघांनीही उंबऱ्यावरच हात पाठीमागे लपवले. नखं तपासली जातील ही भीती अजून गेलेली नाही.) दफनाच्या वेळी माणसाचं जे आयुष्य वाचून दाखवतात, त्यात हल्ली फार चुका होतात, म्हणून बाईंचं आयुष्य आधीच लिहून त्यांच्याकडूनच तपासून घ्यावं, असं त्यांचं ठरलं होतं. दुसरी कुणी असती तर झाडू घेऊन उठली असती. आईनं चष्मा पुसला आणि सांगायला बसली. तळ्याकाठच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं. कापणीच्या दिवसांत शेताशेतातून फिरून पळालेली पोरं कानाला धरून आणली. रविवारच्या वर्गात तीन पिढ्यांना प्रार्थना शिकवली. (प्रार्थना करताना ती स्वतः डोळे उघडे ठेवायची, कारण डोळे कोण उघडतंय ते बघायचं असायचं.) तुझे नवे बूट दुसऱ्याच्या मुलीला दिल्याचं तिनं सेवेत घातलं. तू आठवडाभर रडलीस ते मात्र नको म्हणाली.

शेवटची ओळ आली, ‘सर्व मुलांचे संसार उभे’, आणि जाबुंगाची लेखणी थांबली. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ओतत होतो. आता नियम तुला ठाऊकच आहे. एकही मूल बिनलग्नाचं असेल तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या मागे ढोल नाही, नाच नाही. नुसतं बसून रडायचं. आणि जिच्यासाठी अख्खा किनारा नाचायला तयार आहे, तिच्यासाठी नुसतं रडायचं!

“बाई, वाजंत्री मिळायची नाही,” जाबुंगा म्हणाला. “मानाओर आडवा आलाय.”

“उभा राहून बोल,” आई म्हणाली. तो उभा राहिला.

त्रेपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, हातात किटली घेऊन मी आईच्या वाजंत्रीचा मारेकरी ठरलो. मग माझंही डोकं फिरलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला होतमाशी लग्न करायचंय. (होतमा म्हणजे धक्क्याजवळची, तळ्यात मासे पाळते ती विधवा. तीन वर्षं मी रोज तिच्याकडून मासे आणतोय, तीन वर्षं आम्ही रोज मासे खातोय, आणि शंका फक्त मांजराला आली.) मला वाटलं, आई हरखेल. आई म्हणाली, “तिचं अक्षर घाणेरडं होतं.” त्याआधीची उंच होती, तिच्याआधीची सुरात गात नव्हती. पंचवीस वर्षांत अकरा जणी अशा गेल्या, आणि मी आपला दर वेळी आरशासमोर उभा राहून माझ्यातच काय वाईट आहे ते शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा मी सरळ विचारलं. मान वर न करता म्हणाली, “तुझं लग्न झालं की मग काय उरलं? सगळे म्हणतील, बाईंचं सगळं पुरं झालं.”

ताई, कितीतरी मरणाऱ्यांच्या उशाशी बसून ‘घाबरू नका’ म्हणणारी आपली आई घाबरली आहे. मला हसू आलं नाही. मी सूप ओढून घेतलं आणि तिच्याशेजारी बसून खडे काढत राहिलो. मला होतमा हवी आहे आणि आईही हवी आहे. माझं मागणं एवढंच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मानाओर

ता. क. – हे पत्र खरं तर यासाठी लिहिलं, की तू ये. आई फक्त तुझं ऐकते (पहिला नंबर तुझाच आला होता ना). तिला समजावून सांग, की माझं लग्न झालं म्हणून कुणी तिच्या जाण्याची वाट बघत बसलेलं नाही. होतमा म्हणते, नाताळपर्यंत थांबेन, पुढे नाही.

ता. क. दुसरा – पाकीट परत फोडलं आहे. आज सकाळी आईनं जाबुंगाला बोलावलं आणि विचारलं, या वाजंत्रीच्या वरचा काही मान असतो का. बिचाऱ्यानं उभ्यानंच सांगितलं, “असतो, बाई. प्रत्येक मुलाच्या घरात पतवंडं झाली, की सगळ्यात मोठा मान.” आईनं बोटांवर हिशेब केला.

“होतमाची मुलगी केवढी आहे रे?”

“नाउली? दहा वर्षांची,” जाबुंगा म्हणाला.

“म्हणजे माझी नात झाली. तिची शाळा, मग कॉलेज, मग लग्न, मग मूल. वीस वर्षं धर.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू लग्न उरकून घे. मला मुळीच घाई नाही.”