हबशी मास्तरांचे भाऊबंद

मंगळवार, १४ सप्टेंबर १९४३

शाळेत पोचेपर्यंत तीनदा अडवलं! आधी पानवाला, मग पोस्टातला शिपाई, शेवटी भाजीवाली बनुबाई. तिने तर टोपली रस्त्यातच उतरवली. "मास्तर, तुमची मानसं आली की वं! छावनीत. लई हायेत. समदी तुमच्यावानी काळी, कुरळ्या केसांची!"

माझी माणसं! माझी माणसं भिंगारच्या कबरस्तानात आहेत. सात पिढ्यांच्या कबरी मी बोटाने दाखवू शकतो. हे आलेत आफ्रिकेतून, इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन, नाशिककडून लॉऱ्यांत बसून. माझे पूर्वजही तिकडूनच आले हे खरं. निजामशाहीत आले, कुणी शिपाई म्हणून, कुणी विकत आणलेले. पण त्याला झाली साडेतीनशे वर्षं! चिंचही म्हणे मुळात आफ्रिकेतली. तिला कुणी विचारतं का, तुझी माणसं आली म्हणून?

मी मराठी चौथीचा वर्ग शिकवतो. मुलं पाठीमागे 'हबशी मास्तर' म्हणतात. म्हणू देत. त्यात खोटं काही नाही, फक्त पुरतं खरं नाही.

बुधवार, १५ सप्टेंबर

रंगनाथरावांशी वाजलं. तिसरीचे मास्तर. वर्तमानपत्र आधी त्यांच्या हातात पडतं, म्हणून सगळं कळतं. "अलीमभाई, शेवटी वंश तो वंश. रक्त रक्ताला ओळखतं." स्वतःला आर्य म्हणवतात! आम्हा दोघांना उन्हात शेजारी उभं केलं तर फरक फक्त केसांचा. मी म्हटलं, "हेच म्हणत जर्मनांनी जगाला आग लावली. तुम्ही त्यांची शिकवणी लावलीय का?" वर्तमानपत्राची घडी घालून उठले. रोजा असूनही दिवसभर तोंडाला चव होती.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

छावणीतला हवालदार थेट वर्गात! "मास्तर, सायबानं बलिवलंय. ती काळी पलटन काय म्हनतीया, कुनाला उमजंना. तुमची भाषा हाय ती." मी म्हटलं, माझी भाषा मराठी. "व्हय व्हय, पन त्यांची बी येत आसंल की तुमास्नी!"

चिडून गेलो, पण गेलो. आणि बरं झालं गेलो! चाळीस माणसं, भाषा सहा. एकमेकांशीच मोडक्या इंग्रजीत बोलतात! तक्रार काय, तर पिण्याचं पाणी खारट लागतं. ते मला इंग्रजीतूनच कळलं. साहेबालाही कळलं असतं, कान दिला असता तर.

त्यांचा सार्जंट इद्रिस. मुसलमान, रोजेदार, काठीसारखा ताठ. एक ड्रायव्हर आहे क्वाकू नावाचा, ख्रिस्ती, तिशी ओलांडलेला. बुधवारी जन्मला म्हणून क्वाकू. त्यांच्याकडे तशीच नावं ठेवतात. म्हणजे आपला बुध्याच की! मी हसलो, तोही हसला. का हसलो ते त्याला सांगता आलं नाही. इद्रिसने मला बाजूला घेतलं आणि क्वाकूकडे बोट करून हलकेच म्हणाला, "ती माझी माणसं नव्हेत. समुद्राकडची, रानटी."

मी टाळी वाजवायचा राहिलो! त्यांचं त्यांनाच पटत नाही आणि रंगनाथराव मला त्यांच्यात ढकलतात. उद्या शाळेत हे सगळं तिखटमीठ लावून सांगणार.

रविवार, १९ सप्टेंबर

अम्मीने इद्रिसला रस्त्यातून जाताना पाहिलं. तेव्हापासून एकच. "अलीम, उनकू रोजा छोडने बुलाव." मी विचारलं, का? काळे म्हणून? "रोजेदार हैं, इसलिए! और उसके कान देखे तू? बाबाजान के कान!"

बाबाजान म्हणजे माझे वडील. आता कानांवरून नाती जुळवायची! मी साफ नाही म्हटलं. माझ्या बायकोने, गौहरने, भांडी जरा जोरात आपटली. बायको माझी, बाजू अम्मीची!

रविवार, १० ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सुट्टी म्हणून जुन्या बाजारात घेतलेली खाकी चड्डी घालून शेळीला चारा आणायला निघालो. कोट नाही, टोपी नाही. वेशीपाशी लॉरी थांबली. लाल टोपीवाले लष्करी पोलीस उतरले आणि त्यांच्यातल्या गोऱ्याने माझी मानगूट धरली! त्यांना वाटलं, मी पलटणीतून पळालेला शिपाई. इंग्रजीत सांगितलं, मी मास्तर. मराठीत ओरडलो. गोरा हसला. म्हणाला, "इथली बोली फार लवकर शिकलास!" लॉरीत फेकलं मला. चाऱ्याची पेंढी रस्त्यात पडली. माझ्या वर्गातली चार पोरं बघत उभी होती.

गार्डखोलीत इद्रिसला आणलं. त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हा आमचा नाही. आमचा शिपाई असा उभा राहत नाही." गोऱ्याचा विश्वास बसेना. म्हणे, आपल्या माणसाला वाचवतोय!

तेवढ्यात दारात आरडाओरडा. बनुबाई! डोक्यावर टोपलं तसंच, पोरांकडून कळताच बाजारातून मैलभर चालत आलेली. "आरं ए सायबा, सोड त्येला! ह्यो आमचा मास्तर हाय! माज्या नातीला लिव्हाया शिकीवलं ह्येनं! ह्येच्या बापाला वळखते मी, आज्याला बी वळखीत हुते!" गोऱ्याला एक शब्द कळला नसेल. पण तिने टोपलं त्याच्या टेबलावरच ठेवलं आणि खाली बसली. सोडलं त्यांनी.

झालं की नाही सिद्ध? इद्रिस म्हणतो आमचा नाही. बनुबाई म्हणते आमचा. माणूस ज्यांच्यात वाढतो त्यांचा असतो. कातडीत काही नाही! रंगनाथरावांना आता तोंडच उरलं नाही.

फक्त मानेवर त्या हाताची जागा अजून गरम आहे. पोरांच्या देखत! रडू आलं घरी आल्यावर. गौहरने पाहिलं, अम्मीने नाही.

सोमवार, ११ ऑक्टोबर

खाकी चड्डी बंबात घातली.

शनिवार, ३० ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. परीक्षेचे पेपर आणायला भर दुपारी शाळेत गेलो. चौथीच्या वर्गात, फळ्यामागे, क्वाकू! अंगात ताप. दोन दिवस पोटात काही नाही. तुकडी उद्या ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघते आहे आणि हा पळालाय. एवढंच म्हणत राहिला, "नको. तिकडे नको." मग तीन बोटं दाखवली आणि हात जमिनीपासून वर वर नेला. एवढा, एवढा, एवढा. तीन मुलं.

मी सरकारी पगार खाणारा माणूस. फरारी शिपायाला थारा दिला तर नोकरी जाईल, वर तुरुंग. आणि हा माझा कोण? भाषा एक नाही, धर्म एक नाही, गाव एक नाही. त्याचा स्वतःचा सार्जंट त्याला आपला म्हणत नाही. कान म्हणाल तर कानसुद्धा बाबाजानसारखे नाहीत!

ताप होता म्हणून घरी आणला. अम्मीने बाबाजानचा पायजमा काढून दिला, गौहरने पेज भरवली. दोघींना बजावलंय, ही फक्त आजची गोष्ट. उद्या सकाळी मी स्वतः छावणीत जाऊन कळवणार. त्यात दया-माया नाही. दीड महिना सगळ्या भिंगारला ओरडून सांगतोय की हे माझे कोणी नव्हेत. आता शेपूट घालायची का? कळवणार म्हणजे कळवणार.

रविवार, ३१ ऑक्टोबर

मी निघायच्या आत तेच आले. लाल टोप्या. तोच गोरा. क्वाकू अंगणात पायरीवर बसला होता.

"हा कोण?"

"भाऊ," मी म्हणालो. "धाकटा. जन्माचा मुका."

साहेबाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान हलवून निघून गेला. कागद मागितला नाही, साक्षीदार मागितला नाही!