भिंतीवरचं जोडपं आणि अडकलेलं डिपॉझिट

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
तंटामुक्त गाव समिती,
मौजा चिंचटोला, ता. मोहाडी, जि. भंडारा.

विषय : खोली सोडतेवेळी घरमालकाने अडवून ठेवलेले डिपॉझिट परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपण ओसरीवर बसून दिलेली तोंडी सूचना, की "लेखी आन."

अर्जदार : निकेश डोमाजी मेश्राम, राईस मिल ऑपरेटर, भाडेकरू.
गैरअर्जदार : घनश्याम बडवाईक, घरमालक.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर गैरअर्जदार म्हणजे आपणच आहात, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. त्याने डिपॉझिट आधी घरीच मागितले होते. त्यावर आपण चहाची कपबशी खाली ठेवून फर्मावले, "घरी मी घरमालक, कमिटीत अध्यक्ष. तक्रार असन तं लेखी आन. कमिटीतली गोठ कमिटीतच रायते, घरी येत नाई." सबब अर्जदार घरमालकाची तक्रार घेऊन अध्यक्षांच्या दारात उभा आहे. दार एकच आहे, त्याला अर्जदाराचा इलाज नाही.

२. तंट्याचे मूळ भिंतीत आहे. गेल्या लग्नसराईत अर्जदाराचे लग्न झाले. करडी गावचे अर्जदाराचे घर पाडून घरकुलाचे काम चालू असल्याने स्वागत समारंभ गैरअर्जदाराच्याच अंगणात ठेवावा लागला. मांडव पडला, की दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीचे नाव आलेच, ही आपल्याकडची रीत आपणास सांगणे न लगे. पेंटर अमर याने परवानगी विचारली असता गैरअर्जदार मोठ्या मनाने म्हणाले, "लिव ना बाप्पा! भित कोनाची होय? आपलीच होय." मग अमरने लाल ऑइल पेंटमध्ये, बसस्टँडवरून वाचता येईल अशा अक्षरात, "निकेश संग रुचिता" असे लिहिले. शेजारी दोन मोर काढले. मोरांचे पैसे गैरअर्जदारांनी हौसेने स्वतः दिले होते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

३. आता अर्जदारास सानगडीच्या मिलमध्ये काम लागले असून पत्नी रुचिता हिला सातवा महिना आहे. सानगडीचा घरमालक डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली देत नाही. आणि इथला घरमालक म्हणतो, आधी भिंत साफ कर, मग डिपॉझिट ने. दोन घरमालकांच्या मध्ये अर्जदाराचे संपूर्ण कुटुंब, पोटातल्यासकट, लोंबकळत आहे.

४. अर्जदाराने हातपाय हलवले नाहीत असे नाही. त्याने चुना आणून भिंत पोतली. दुसऱ्या दिवशी चुना पापडासारखा गळून पडला आणि पांढऱ्या भिंतीवर लाल अक्षरे पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागली. मोर तर नुकतेच अंघोळ करून आल्यासारखे दिसत होते. म्हणून त्याने खरवडायला पत्रा घेतला, तोच करडीहून आलेल्या त्याच्या आई बायजाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या. त्यांचे म्हणणे असे, "मी शकुन-गिकुन काई मानत नाई. पन जिवंत सुनेचं नाव हातानं पुसू देनार नाई. पान्यापावसानं गेलं तं गेलं." त्या तिथेच जेवल्या आणि तिथेच दुपारची डुलकीही काढली. अर्जदाराचे आईसमोर आजवर काही चालले नाही, यापुढेही चालण्याचे चिन्ह नाही.

५. गैरअर्जदारांची अडचणही खरी आहे, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करतो. त्यांचे चिरंजीव भुपेंद्र लग्नाचे आहेत. सरळ पोरगा आहे. परंतु साकोलीकडची मंडळी पोरगा पाहायला आली, त्यांनी गाडीतूनच भिंत वाचली, "पोराचं तं होऊन गेलं म्हना की!" असे म्हणाली, आणि आतले पोहे आतच राहिले. यावर गैरअर्जदारांनी अर्जदारास न विचारता अमरला बोलावून नावाखाली लिहून घेतले, "वरील नवरदेव आमचा नाही." त्यामुळे काम सुधारण्याऐवजी पार बिघडले. पुढची मंडळी ते वाचून एवढी घाबरली, की बैठकीत पाणीसुद्धा न पिता "नवरदेव तुमचा नाई, मंग नवरी कोनाची?" असा प्रश्न टाकून निघून गेली.

६. तेव्हापासून पाहुणे यायचे असले, की अर्जदार व त्याची पत्नी यांना लग्नाचा दाखला हातात घेऊन भिंतीखाली खुर्च्यांवर बसावे लागते, कारण हेच ते वरील जोडपे, अशी खात्री पटवायची असते. मिलमधून सुटी काढावी लागते. रुचिताचे पाय सुजतात. शिवाय पाहुण्यांचे पोहेही तिनेच करावेत, अशी रीत पडत चालली आहे. डिपॉझिट नाही म्हणून खोली सुटत नाही, खोली सुटत नाही म्हणून भाडे चालू, आणि ते भाडे गैरअर्जदार डिपॉझिटमधून कापत आहेत. अहो महाराज, हा कुठला न्याय? माफ करावे, अर्जदाराचा तोल गेला.

७. तरी मा. अध्यक्षांनी घरमालकास नोटीस काढावी व घरमालकाने ती निमूट घ्यावी. भिंतीबाबत अर्जदाराचा तोडगा असा, की नावे राहू द्यावीत, फक्त खालची ओळ काढून तिथे "आमचे भाडेकरू" असे लिहावे. अमर फुकट लिहायला तयार आहे. त्याखाली भुपेंद्रच्या लग्नापुरती भरपूर जागा शिल्लक आहे. मोर दोघांना मिळून चालतील.

आपल्या समितीवर भरवसा ठेवून असलेला, व आपल्याच ओसरीपलीकडच्या खोलीत राहणारा,

आपला नम्र,
निकेश डोमाजी मेश्राम
दिनांक : १८ मार्च २०२५

सोबत : लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, भिंतीचा फोटो (खाली बसल्या आहेत त्या अर्जदाराच्या आई).

ता. क. : अर्ज लिहून झाल्यावर एक नवीन बाब घडली, ती अध्यक्षांपासून लपवणे बरे नव्हे. काल गैरअर्जदार पानठेल्यावर गेलेले असताना त्यांच्या पत्नी चंद्रकलाकाकू यांनी धानाच्या कोठीत हात घालून एक पुडके काढले आणि रुचिताच्या ओटीत टाकले. त्यात पूर्ण डिपॉझिट होते, कापलेले भाडेही परत होते. काकू म्हणाल्या, "जा बाई, आपल्या घरी बाळंत हो. याहीची कमिटी तं चालतच रायते." अर्जदाराला तिथेच रडू आले, हेही नमूद करतो. तो उद्या सकाळी सानगडीस जात आहे.

हा अर्ज मात्र मागे घेऊ नये, अशी काकूंची ताकीद आहे. पोरगा डिपॉझिटशिवाय मुकाट्याने गेला कसा, असा संशय घरमालकास येईल आणि ते कोठी उघडून पाहतील. म्हणून चौकशी सावकाश चालू ठेवावी, निकाल लावू नये. आणि कमिटीतली गोष्ट कमिटीतच राहते, या आपल्याच शब्दावर विसंबून अर्जदार हात जोडून विनंती करतो, की यातले एक अक्षरही घनश्यामभाऊंना कळू देऊ नये.