मंडळ आपल्या घरी जेवलं

मंगेशचे बाबा,

तुमाले पत्र लिहाचं काम जलमात पडलं नाही. तुमी मले सोडून कुठं गेलेच नाही, तं लिहू कोनाले? पन कालचं सांगाले घरात कोनी नाही. मंगेश पुन्याहून फोन करते, जेवली का पुसते अन् ठेवते. म्हनून लिहून राह्यली.

काल गावात भजन स्पर्धा झाली. तुमी गेल्यावरची पहिली.

बाहेरगावची मंडळं जेवाले घराघरी वाटून देतात, तवा मांडवात सगळ्याच्या पुढं तुमी! सगळ्यात लांबून आलेलं मंडळ आपल्याच घरी पायजे. लांबून आलेल्याले भूक जास्त, असं तुमी म्हनाचे. अन् पोळ्या लाटाले मी! तुमाले धड एक टाळी तालात वाजवता आली नाही, पन जेवनानंतर मंडळ भजनाले बसलं का ओसरीत अशी मान डोलवाचे, जसे काही तुमीच बुवा.

यंदा वासुदेव भाऊजीनं मांडवातून भोंग्यावर घरायची नावं घेतली. पवाराचं घर झालं, राठोडाचं झालं, शेजारच्या कमलचं बी झालं. आपलं आलंच नाही.

मी जाऊन पुसलं, आमचं घर काहून सोडलं? भाऊजी म्हनाले, "वहिनी, एकल्या बाईले कायले तरास द्याचा?" मायेनंच म्हनाले ते. पन तुमी गेले तं आपलं घर बी गावातून गेलं का? सकाळपासून वांगे चिरून ठेवले होते, ते मी एकलीनं खायाचे?

मी तिथून हाललीच नाही. शेवटी केळापूरकडचं एक मंडळ उशिरा पोचलं, ते आपल्याले भेटलं.

जेवले बाप्पा पोटभर! आलू-वांग्याची भाजी मांगून मांगून घेतली. तिच्या घरची पंगत उठवून कमल पोळ्या लाटाले आली होती. भांड्यायचा, हासन्याचा आवाज घरात कितीक दिसानं ऐकला. मंग जेवल्या घरी एक भजन म्हनाचा रिवाज, म्हनून ओसरीत बसले. म्हाताऱ्या बुवानं खंजेरी घेतली अन् पुसलं, "घरधनी कुठं हायेत?"

कमलनं मान खाली घातली. माह्या तोंडून निघून गेलं, "वावरात गेले. येतीन. तुमी म्हना."

तं ते थांबले हो! घरधन्याबिगर कसं सुरू कराव, म्हने. खंजेरी मांडीवर ठेवून बसले. मी दाराकडं पाहून राह्यली. मले बी वाटाले लागलं का तुमी आता चपला काढून आत येता. काहून असं खोटं बोलली मी? लोकायले किती बसवून ठेवाव?

मंग सांगतलं, "बुवा, ते नाही येत आता. वारले. या घरची आता मीच हाय."

बुवानं उठून आपल्यासमोरची सतरंजी हातानं झटकली. "मंग इथं बसा, माय," म्हने. मी बसली. भजन झालं. मी रडली, अन् मले लई बरं बी वाटलं. ते गेले, भांडे घासले, अन् घर पुन्हा चूप झालं.

पुढल्या साली भोंग्यावर नाव येवो न येवो, मंडळ मी मांगून आनीन. कोनी तुमाले पुसलं तं खरं सांगीन, हा माहा शब्द हाय. पन भजन चालू असताना दाराकडं पाहनार नाही, हा शब्द काही मी देत नाही.

तुमचीच,
सुमन