दिवे मंद झालेत

४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगायला घेतलं की तू आधी हसतेस आणि मग मीही हसण्यावारी नेतो, म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच आणि मग काय हसायचं ते हस.

माझ्या घरात कोणीतरी येऊन जातं. मी शाळेची बस घेऊन बाहेर पडलो की येत असावं. चोरी म्हणशील तर काही नाही. पण मागच्या खोलीत ढवळाढवळ चालते, एवढं नक्की.

त्या खोलीला खिडकी नाही, म्हणून निवडुंगांवर मी दिव्यांच्या पट्ट्या टांगल्यात. तूच त्याला माझा काटेरी संसार म्हणतेस, झाडांना उशी, घोसाळं, म्हातारा ही नावंही तूच दिलीस. ऊन नाही, तर दिवे. ते आपोआप लागतात, आपोआप विझतात, झाडं बिचारी खूश असायची. आता दिवे मंद होत चाललेत. उन्हाळ्यात नव्या पट्ट्या बसवल्या, त्याही मंद झाल्या. झाडांची उपासमार नको म्हणून साखळ्या सोडून दिवे खाली आणले, मग आणखी खाली. आता ते झाडांच्या डोक्यावर वीतभरही नाहीत. तरी खोलीत आपली कायम दिवेलागणीची वेळ. झाडं फिकटताहेत. उशी पिवळी पडली, घोसाळ्याचा शेंडा पांढरा झाला. म्हाताऱ्याचं काही कळत नाही, तो मुळातच पांढऱ्या केसांचा.

मला वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा संशय आहे. त्याने मोटारीची नवी मशीन घेतल्यापासून हे सुरू झालं. माझ्या तारेतून वीज ओढत असेल. माणूसही विचित्र. जिन्यात कुठेच नसतो आणि एकदम माझ्या खांद्याशी उगवतो. पण वीज चोरणारा स्टूल कशाला हलवेल? कुंड्यांजवळचं स्टूल रोज जागा बदलतं, रोज माझी नडगी फुटते. परवा उशीची कुंडी माझ्याच कोपराने पडली. ती तिथे नव्हतीच, ताई, मी शपथेवर सांगतो.

कुलूप बदललंय. तरी घरी आलो की दार उघडायला नको वाटतं. या वयात घाबरतो असं कोणाला सांगू? तुला सांगितलं.

भावोजींना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


११ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हसले नाही. खरं सांगायचं तर शिंप्यापाशी थोडी हसले, पण स्टुलापाशी थांबले. तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, एकटा माणूस काट्यांशी बोलायला लागला की असंच व्हायचं. मी त्यांना गप्प केलं.

शिंप्याशी भांडू नकोस. तुझ्या तापात रोज पेज आणून देणारा तोच ना? असा माणूस तुझी वीज कशाला चोरेल?

थोरली पुढच्या आठवड्यात कामासाठी तुझ्याच गावात येतेय. दुकानांना दिवे बसवून देणं हाच तिचा धंदा, तेव्हा तुझ्या पट्ट्यांना काय धाड भरलीय ते ती बघेल. तिच्याकडे उजेड मोजायचं यंत्रही असतं. ती तुझी भाची असली तरी कारागीर आहे. सांगेल ते ऐक, मामेपणा करू नकोस.

जेवतोस ना वेळेवर? रात्री दाराला आतून कडी घाल. मलाही इथे झोप नाही, मेल्या.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी
ताई


२० नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक येऊन गेली. तिने जे सांगितलं त्याने मी जास्तच घाबरलोय आणि थोडा चिडलोयही, ते आधीच कबूल करतो.

मागच्या खोलीचं दार उघडलं तशी ती डोळ्यांवर हात घेऊन मागे सरली. म्हणाली, मामा, एवढा उजेड कशाला, डोळे फुटतील. मला वाटलं थट्टा करतेय. तिने यंत्र लावलं आणि आकडा मला दाखवला. पट्ट्या ठणठणीत आहेत, तारेतून कोणी काही ओढत नाही. उलट झाडं भाजलीत म्हणे. उजेड कमी पडला असता तर ती सुतळीसारखी लांबुडकी वाढली असती, ही तर जळून पांढरी पडलीत. मीच त्यांना भाजलं, असं तिने मला माझ्याच घरात सांगितलं आणि दिवे इथवर चढव म्हणून भिंतीवर खूणही आखून दिली. आणि स्टूल? ती दोन दिवस राहिली, स्टूल तसूभर हललं नाही. तरी मी दोन्ही दिवस त्यावर आपटलो. ती नुसती बघत राहिली. जाताना गळ्यात पडून रडली, का ते सांगेना.

तूच सांग, मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तिच्या यंत्रावर? खोलीत अंधार आहे, मी तिथे बसलोय ना.

आणखी एक आहे. लिहू की नको असं झालंय. काल शाळा सुटल्यावर वळणावर एक सायकलवाली बाई एकदम गाडीसमोर. डावीकडे कोणी नव्हतं, मी बघूनच वळलो होतो. बसमध्ये पोरांना सांभाळणाऱ्या बाई ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. पोरं एकमेकांवर आदळली, कोणाला लागलं नाही. सायकलवाली रस्त्यात उभी राहून मला शिव्या देत होती आणि माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बसमधल्या बाई नंतर म्हणाल्या, ती केव्हापासून शेजारून येत होती. मग मला कशी दिसली नाही?

सगळं आता असंच बाजूने, एकदम येतं. शिंपी तसा, स्टूल तसं, सायकल तशी.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
ढब्बू


२४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हे पत्र मिळेल त्या क्षणापासून बसच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आधी हे, मग पुढचं वाच.

थोरलीने घरी येताच सगळं सांगितलं होतं. तुला लिहायचं कसं, या विचारात मी दिवस घालवले, तेवढ्यात तुझं सायकलवालीचं पत्र आलं. दिवे मंद झालेले नाहीत, बाळा. घरात कोणी येत नाही. तुझे डोळे जाताहेत.

नानांचे डोळे छापखान्यात अक्षरांचे बारीक खिळे जुळवून जुळवून गेले, असं तुला सगळे सांगत आले. तू तेव्हा रांगत होतास. मी मोठी होते, मला आठवतंय. नाना कामावरून आले की दिव्यावरून भांडायचे. आईने सारखे बल्ब बदलले, वाण्याला लबाड म्हटलं. मग नाना दाराच्या चौकटीला धडकायला लागले आणि चौकटीलाच शिव्या घालायला लागले. डॉक्टरांनी काचबिंदू हा शब्द उच्चारला तोवर त्यांना आमचे चेहरे दिसेनासे झाले होते. तो कडेकडून खातो, दुखत नाही, माणसाला कळूच देत नाही. तुझं पत्र वाचताना मला आपल्या घरातलं भांडणच ऐकू येत होतं.

मला फार भीती वाटतेय, ढब्बू. तुझी वाटते आणि त्या पोरांचीही. आयांनी वेण्या घालून, डबे देऊन तुझ्या भरवशावर गाडीत चढवलेली ती लेकरं.

डोळ्यांच्या दवाखान्यात आजच जा. शिंप्याला सोबत ने, लाजू नकोस. भावोजींना घेऊन मी रविवारच्या गाडीने निघतेय.

माझ्यावर राग धरायचा तर धर, लोभ तेवढा सोडू नकोस.

तुझी
ताई


२७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा गाडी काढायची वेळ झाली होती. पहिली ओळ वाचली आणि तुझा इतका राग आला की कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि तसाच शाळेत गेलो. बसमध्ये चढलो, बसलो. डावा आरसा मला मान वळवल्याशिवाय दिसला नाही. खाली उतरलो आणि किल्ली कचेरीतल्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्या काय झालं विचारत होत्या, तोवर मी बाहेर पायरीवर बसून तुझं पत्र पुरतं वाचायला घेतलं.

शिंप्याला सांगितलं. त्याने हातातलं काम टाकलं, माझा दंड धरला आणि दवाखान्यापर्यंत सोडला नाही. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं ते त्याच्यासमोर कधी काढू नकोस.

तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. समोर पांढरा वाडगा, त्यात बारीक ठिपके चमकतात. दिसला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग ठिपके यायचे थांबले. मी वाट बघत बसलो, बराच वेळ काहीच नाही. शेवटी तिथल्या मुलीला म्हटलं, तुमचं यंत्र बंद पडलं. ती म्हणाली, काका, चालू आहे.

ताई, तेव्हा मला कळलं. तोवर तू सांगूनही कळलं नव्हतं.

गेलेलं परत येत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. राहिलंय ते थेंब घालून राखता येईल, नेमाने घातले तर. बस पुन्हा नाही. घरी येऊन थोरलीने आखलेल्या खुणेपर्यंत दिवे वर चढवले. शिंपी म्हणतो, खोली लख्ख आहे. मला कुंड्यांच्या सावल्या दिसतात आणि मध्ये थोडी झाडं. उशी वाचेल बहुतेक, घोसाळ्याचा शेंडा कापावा लागेल.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सख्खं भावंड कोण आहे? मी म्हटलं, एक मोठी बहीण. त्या म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं, त्यांना घेऊन या, उशीर करू नका. तेव्हापासून माझी भीती राहिली बाजूला. नानांचं सगळं तुला आठवलं, माझं सगळं तुला दिसलं, पण त्यात तू स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस.

रविवारी ये. गाडीतून उतरताना भावोजींचा हात धर, ते हसले तरी धर. घरी आलीस की पाणी पिण्याआधी मागच्या खोलीत ये. दिव्यांखाली उभी राहा आणि उजेड कसा वाटतो ते मला खरं सांग. कमी वाटला तर कमी सांग, ताई, माझ्यासारखं दिव्यांवर ढकलू नकोस.

तुझा
ढब्बू