ट्रे बाहेर येईल तेव्हा

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, व्यवसाय पत्रकारिता, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे, स्वतःच्या हट्टाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. भाचीचे मत वेगळे आहे, ते पुढे येईलच. उद्या सकाळी स्त्रियांच्या इस्पितळात माझे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन ठरले आहे. माझे हृदय अधू आहे, भूल सोसेलच असे नाही. माझ्या पाठोपाठ त्याच टेबलावर, त्याच कामासाठी, भाचीचा नंबर आहे. तिचे ऑपरेशन होऊ नये एवढ्यासाठी पहिला नंबर मी मागून घेतला.

१. राहते घर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या दिवंगत बहिणीच्या या एकुलत्या एका मुलीला मिळावे. न्हाणीघराचा नळ जास्त पिळू नये, तो रुसतो. बाल्कनी बंद करून खोली वाढवण्याचा जावईबापूंचा बेत माझ्या मागेही नामंजूर समजावा.

२. नाट्यपरीक्षणांची कात्रणे ग्रंथालयाने घेतली तर ठीक, नाहीतर रद्दीत घालावीत. मी नेहमी रांगेच्या कडेची खुर्ची मागत असे. नाटक पडले की उठून जाता यावे म्हणून, असा नटमंडळींचा समज होता आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. खरे कारण वेगळे होते. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग लागते, तिथे मला आधी पोचायचे असे. नाटक कसे चालले आहे ते त्या रांगेत कळते. तिथेच एकदा भिंतीला धरून उभी असलेली एक पांढरीफटक बाई मला म्हणाली, "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग बायकांना इतकं रक्त का जातं, ते लिहा की कधीतरी." मी लिहिले. तेव्हापासून माझी दोन सदरे झाली.

३. संपादकसाहेबांनी माझ्या परीक्षणातला शब्द कधी हलवला नाही. आरोग्याच्या सदरात मात्र 'पाळी' दिसली की खोडून 'ती अडचण' लिहीत. त्यांना माझी तांबडी पेन्सिल द्यावी. दोन्ही बाजूंनी टोक काढून ठेवली आहे.

४. कापडी गर्भाशय. नाट्यगृहाच्या वेशभूषेच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ते एका राणीच्या जुन्या मखमली झग्यातून शिवून दिले. नळ्यांच्या जागी फिती, बीजकोशांच्या जागी बटणे. शाळांच्या व्हरांड्यांत, कारखान्यांच्या कँटीनमध्ये मी ते काढले की बायका आधी तोंडाला पदर लावून हसत, मग हळूच मांडीवर घेऊन चाचपून बघत. ते एखाद्या न लाजणाऱ्या नर्सला द्यावे.

या बैठकांत एक वाक्य माझ्या कानावर पडू लागले. "पिशवी सडली आहे, आज ना उद्या... कॅन्सर." एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका डॉक्टरांचे तेच शब्द सांगत, आणि प्रत्येक जणी त्याच जागी थांबत असे. जन्मभर मी संवाद ऐकत आले. पाठ केलेले बोलणे मला ओळखू येते. डॉक्टर प्रत्येक वेळी एकच आणि इस्पितळही एकच. मी लेख लिहिला, संपादकसाहेबांनी तो न छापता खणात टाकला.

५. मग तेच वाक्य, त्याच थांब्यासकट, माझ्या स्वयंपाकघरात भाचीच्या तोंडून आले. तिची आई कॅन्सरनेच गेली, त्यामुळे पोर पार हादरली आहे. मी म्हटले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"तो तुझ्या ओळखीचाच असणार, मावशी. तू म्हणशील तेच लिहून देईल."

म्हणून मी स्वतः पेशंट होऊन त्या इस्पितळात गेले. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवले, पडद्याकडे पाहिले आणि तेच वाक्य मला ऐकवले.

माझ्या पोटात पिशवी नाही. तरुणपणी परगावी रक्तस्राव थांबेना, तेव्हा एका भल्या सर्जनने ती खालून काढून माझा जीव वाचवला. पोटावर टाका नाही. ठाऊक होते ते फक्त बहिणीला. मी भाचीला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मला थांबवायला तू काहीही बोलशील." ते जुने इस्पितळ कधीच पाडले, कागद त्याबरोबर गेले. आता तिला पटेल असे एकच उरले आहे. या इस्पितळात ऑपरेशननंतर नर्स काढलेली पिशवी स्टीलच्या ट्रेमधून बाहेर आणते, नातेवाइकाला दाखवते आणि मगच पुढच्या बाईला आत नेते. माझ्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी भाचीचे नाव घातले आहे.

६. व्यवस्थापक म्हणून शिवणकामवाल्या मैत्रिणीला नेमते. ती उद्या बाकावर भाचीशेजारी बसेल. नर्स बाहेर येताच मैत्रिणीने हा कागद उघडून कलम पाच मोठ्याने वाचावे, मी जिवंत असो वा नसो. मेले तर शवविच्छेदन दुसरीकडे व्हावे.

७. भाचीस. बाळा, मला भीती वाटते आहे. नर्स रिकाम्या हाताने आली आणि "आत काहीच नव्हतं" म्हणाली, तर सरळ घरी जा, तुला रागवायचे मी नंतर बघेन. पण ट्रेमध्ये काही असले तर तोंड फिरवू नकोस, नीट बघ. ते माझे नाही. मग कोणाचे, हे तिथेच सगळ्यांसमोर विचार. आणि आत जाऊ नकोस.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले : आमच्या वर्तमानपत्राचे निवृत्त मुद्रितशोधक. यांनी दोन स्वल्पविराम वाढवले.

साक्षीदार दुसरी : वर लिहिलेली मैत्रीण. साक्षीदाराला वारसा मिळत नाही हे ऐकून म्हणाली, "म्हणजे मखमलही गेली." सही करताना थांबली आणि विचारले, "ट्रेही आला नाही, तूही आली नाहीस, आणि ते पोरीला न्यायला आले तर?"

मी म्हटले, "तिचा हात सोडू नकोस."

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : दाखल होण्याचा आदला दिवस, दुपार